परक्या ठेवीचा वास

जैतूनचाचीनं माझ्या मायचं घर उपसलं. काय झालं, कसं झालं ते मागून सांगते. नाव आधी लिहून ठेवते. कारण पुढं मला वासाबद्दल, उंदरांबद्दल आणि माणसांबद्दल बरंच वाईट लिहायचं आहे, आणि त्या ढिगात हे नाव दबून जायला नको. शिरूर कासारला आमच्या दोन खोल्यांच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर आहे. तिचा नवरा कापूस पिंजायचा आणि ती गाद्या भरायची. तो वारल्यावर पिंजायचं यंत्र गेलं, तिची सुई राहिली. आमचं तिचं नातं काहीच नाही. भिंत एक आणि दारातला नळ एक. त्या नळावरून तिची नि मायची भांडणं व्हायची, आणि भांडण पेटलं की माय तिला 'पिंजारीण' म्हणायची अन् ती मायला 'गोदामवाली'.

भाद्रपद उतरायला लागला की इकडं वापीत माझे हात शिवशिवायला लागतात. इथं चौकात गरब्याचे मांडव उभे राहतात, दिव्यांच्या माळा लागतात, दुकानांबाहेर आरशांच्या चोळ्या टांगल्या जातात. पण गोधड्या कुणी धूत नाही. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरात कापड म्हणून जे काही असेल ते सगळं पाण्यातून निघायलाच पाहिजे. पितरांचा पंधरवडा लागला की सिंदफणेच्या काठावर बायांची गर्दी होते. खडकावर गोधडी आपटल्याचा आवाज पलीकडच्या काठाला लागून परत येतो, त्यामुळं एक बाई धूत असली तरी दोघी धुतायत असं वाटतं. पाऊस सरलेला, ऊन चावरं, नदीचं पाणी गढूळपणा टाकून नुकतं निवळायला लागलेलं. जुन्या लुगड्यांच्या लाल-हिरव्या चौकटी काठभर वाळत पडलेल्या, आणि त्यांच्यावरून शेळ्या जाऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसलेली एखादी म्हातारी.

मी इथंही धुते. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ बसून. शेजारच्या नीताबेन कपडे काढायला येतात आणि म्हणतात, "इतनी मेहनत अभी क्यों, दिवाली में करना." मी नुसती हसते. माझ्या हिंदीला एवढं सगळं सांगता येत नाही. ओल्या गोधडीला एक वास असतो, साबणाचा, जुन्या सुताचा, झोपलेल्या माणसांचा. तो जरा वेळ बरा वाटतो. मग त्याच्या मागून दुसरा वास येतो आणि मला गोधडी तशीच बादलीत सोडून कठड्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं.

हा दुसरा वास मी नवऱ्याला कितीदा सांगून पाहिला, त्याला कळत नाही. उंदराचं मूत, कुबट चिंध्या, गंजलेला पत्रा, कुठल्यातरी फुटलेल्या बाटलीतलं खोकल्याचं औषध. आणि ह्या सगळ्याच्या खाली गोडसर असं काहीतरी होतं. ते मायच्या पायाचं होतं, हे मला नंतर कळलं.

मायनं जन्मभर लोकांच्या वस्तू सांभाळल्या. आमच्या भागात दसरा झाला की घरंच्या घरं ऊस तोडायला निघतात. ट्रॉलीत माणसं, शेळ्या, कोंबड्या, ताडपत्री, रोजची भांडी. जे ट्रॉलीत मावत नाही ते मागं राहतं. लोखंडी पेटी, बाज, पाळणा, लग्नातले फोटो, जादाच्या गोधड्या. स्वतःच्या घराचं दार धड नाही, पत्रा गळका, मग ते ठेवायचं कुठं? माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर माय कधी कारखान्यावर गेली नाही, ती मागं राहिलेल्या पोरांच्या वसतिगृहात भाकरी करायला लागली. म्हणजे बारा महिने गावात. तिच्या दाराला चांगलं कुलूप होतं आणि तिच्या तोंडात नकार नव्हता. "कौसामावशी, येवढं गठुडं राहू द्या, पाडव्याला नेतो." असं म्हणून लोक गठुडं आत सारायचे. त्याला माय 'ठेव' म्हणायची. देवाचं नाव घ्यावं तशी म्हणायची.

पाडव्याला काही जण न्यायचे. काही जण म्हणायचे, "असू द्या की, पुन्हा दसऱ्याला आणायचंच हाय." काही कारखान्याकडंच राहिले. काहींनी नवी पेटी घेतली आणि जुनी विसरून गेले. पण माय विसरायची नाही. पुढच्या खोलीत माणसाला बसायला जागा उरली नाही, मग मागच्या खोलीत थर लागायला लागले. शेवटी शेवटी मायची बाज आणि चूल एवढंच तिचं उरलं, बाकी सगळं घर लोकांचं.

माझी शाळासुद्धा त्या ठेवीतच गेली. मी आठवीत होते. माय अंधारातच वसतिगृहावर जायची. त्या हंगामात कुणीतरी शिलाई मशीन ठेवली होती, कुणी टीव्ही. घर उघडं कसं टाकायचं? दुपारी कुणी कुलूप फोडलं तर लोकांना तोंड कसं दाखवायचं? "येवढा हंगाम घरी बस, पाडव्यानंतर जा साळंत," माय म्हणाली. मी पेट्यांवर बसून राहिले. दाराच्या फटीतून गल्ली बघायची, कुणी थांबलं की छातीत धडधडायचं. पाडव्यानंतर गेले तर फळ्यावरचं काहीच कळेना, आणि मास्तरांनी उठवलं की घाम फुटायचा. मग जाणंच बंद झालं. ती धडधड मात्र अजून आहे. आजही बाहेर पडताना मी कुलूप ओढून बघते, जिना उतरते, आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघते.

लग्न होऊन मी, गावची सुनी, वापीला आले. नवरा कागदाच्या कंपनीत आहे, मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. मायला कितीदा म्हटलं, इकडं ये. "लोकांची ठेव कुणाच्या गळ्यात घालू?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

एका वर्षी ह्याच दिवसांत चाचीचा फोन आला. मी पोळ्यांच्या परातीसमोर होते.

"सुने, तुझ्या मायला उंदीर खायलाय."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"खायलाय म्हंजी खायलाय गं. पायाचं बोट. शुगरमुळं तिला कळंना. डोळा लागला की येतो आन् कुरतडतो. मला फरशीवर रगत दिसलं म्हणून कळलं. ती म्हणती, हळदीकुंकू सांडलं आसंल."

चाचीनंच तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. रोज मिठाच्या पाण्यानं पाय धुऊन पट्टी तीच बांधत होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ह्या घरात ह्या राहिल्या तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल. मी हातातलं लाटणं ठेवलं. मालकिणीनं विचारलं काय झालं, तर मला 'उंदीर' हा शब्द तोंडातून काढता येईना. लाज वाटली. मी सांगितलं, माय पडली.

दोन बस बदलून पोचले. दार उघडंच होतं. उंबऱ्यात पाय ठेवला आणि तो वास असा अंगावर आला की मी बाहेरच्या नालीवर जाऊन ओकले. आत माय बाजेवर बसून म्हणत होती, "गाडी लागली व्हय गं? लिंबू दिऊ का?"

पोरीला आईची किळस येऊ नये, असं आपण धरूनच चालतो. मला आली. तिच्या पायाची आली, तिच्या अंथरुणाची आली, तिनं मला पाणी दिलं त्या पेल्याची आली. पेल्यात पाणी नितळ होतं, तरी मी ते घोटाघोटानं न पिता डोळे मिटून एकदम घशात ओतलं. मग मला माझीच किळस आली. पण ही दुसरी किळस पहिलीला काही कमी करत नाही, हे मी तिथं शिकले. दोन्ही एकाच वेळी घशात बसून राहतात.

चाची आली तीच पदर खोचून. हातात बामची डबी. "नाकाखाली लाव," म्हणाली, "मग सगळ्या जगाला सर्दी झाल्यावानी वाटतं." आम्ही मागच्या खोलीतला पहिला थर काढायला लागलो. गोधड्या उचलल्या की त्या मधूनच तुटायच्या, भिजलेल्या भाकरीसारख्या. लेंड्यांचे थर इतके की आधी मला ते कुणीतरी सांडलेले काळे तीळ वाटले. लग्नाच्या फोटोंतली माणसं बुरशीनं खाल्लेली, नवऱ्याला तोंड नाही, नवरीला नुसत्या मुंडावळ्या. एका प्लास्टिकच्या डब्यात कुणीतरी लोणचं ठेवून गेलं होतं. झाकण उघडलं तेव्हा आत काहीतरी हललं. मी डबा तसाच टाकला. चाचीनं सुपात भरून उचलला.

एका गादीला हात लावला तर ती ऊबदार लागली. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. चाचीनं टाका उसवला, खोळ मागं केली. आत कापसाचं घरटं, आणि त्यात गुलाबी, उघडी, डोळे न फुटलेली पिल्लं वळवळत होती. बोटाच्या पेराएवढी. मी भिंतीला चिकटले.

"कापूस काय झ्याक हाय बघ," चाची म्हणाली. "आमच्या ह्यांनी पिंजलेला. गाठ म्हणून न्हाई." आणि तिनं ती पिल्लं सुपात घेऊन मागच्या दारी मांजरीपुढं ठेवली. मी कानावर हात ठेवले, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. मांजरीनं आवाज न करता काम उरकलं.

मला घाई झाली होती. पायाची पट्टी पिवळी झाली होती आणि माझी रजा मोजकीच होती. म्हणून त्या पहिल्याच दिवशी मी कुणाला न विचारता काही गठुडी, भांडी उचलून वस्तीमागच्या उकिरड्यावर टाकून आले. संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं परत आलं. आमच्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून घेतात. घेतलेल्याचं, दिलेल्याचं, कुणाच्या आठवणीत दिलं असेल तर त्या मेलेल्याचंसुद्धा. त्यामुळं भांडं हरवत नाही, आणि टाकताही येत नाही. एक म्हातारा तांब्या घेऊन दारात आला. "बाई, हे तुमच्याकडं ठिवल्यालं पडलं जनू. नाव वाचलं म्हणून आनलं." त्याच्या मागं एक बाई पातेलं घेऊन. त्या बाईच्या मागं तिची जाऊ, झाकण घेऊन. चांगुलपणानंच आणत होते. मी एकेक हातात घेत होते आणि हाताला लेंड्या लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी नळावर बोलणं सुरू झालं. कौसाबाईनं लोकांची ठेव फेकायला काढली म्हणं. पोरगी आली, आन् फेकायला काढली. भिंत पातळ, मायला सगळं ऐकू गेलं. तिनं भाकरी बाजूला सारली.

"कावून फेकलंस?" तिनं विचारलं.

"माय, सडलंय ते."

"सडंल न्हाईतर ऱ्हाईल. लोकांनी इश्वासानं ठिवलतं."

"त्या इश्वासावर उंदरं मुतलेत माय. तुझं बोट खाल्लं त्यांनी."

"बोट माझं हाय," ती म्हणाली. "ठेव माझी न्हाई. ज्याचं त्याला दिल्याबिगर मी हितून हलत न्हाई. लोक म्हणतील, कौसा ठेव खाऊन पळाली. असलं तोंड घिऊन मी तुझ्या गावाला यायची न्हाई."

आणि ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तिच्या पायाशी बसले. पट्टीवर माशी बसत होती, मी हाकलत होते, आणि माझ्या मनात फक्त एवढंच येत होतं की आता हिचा पाय जाणार. ही बाई कुणाच्यातरी गंजक्या पेटीसाठी पाय देणार.

भिंतीपलीकडून चाची आली. तिनंही ऐकलं असणार. "कौसाबाई, गोदाम खाली करायची येवढीच अट हाय ना तुझी? मग बोलवू की सगळ्यांला. आजून कारखाने सुरू न्हाईत, समदे घरीच हायेत. येतील, आपापलं नेतील."

मायनं मान वळवली. "येतील?"

"कावून नाही येणार? त्यांचंच हाय."

चाची दारोदार फिरली. मी खोलीतल्या वस्तू गल्लीत मांडल्या. अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या दारापुढं बाजार भरल्यासारखं दिसत होतं, फक्त त्या बाजारावर माशा होत्या. मायनं धुतलेलं लुगडं मागितलं. केस विंचरून घेतले. चाचीला म्हणाली, मोठ्या पातेल्यात चहा ठेव, लोक येणार. तिला बाजेसकट बाहेर आणली. पट्टीचा पाय पुढं लांब करून ती बसली, आणि मला तेव्हा कळलं की तिला आनंद झालाय. इतक्या वर्षांची राखण आज ती सगळ्यांसमोर हातावेगळी करणार होती. 'घ्या, तुमचं तुम्ही बघून घ्या,' म्हणणार होती.

पहिली द्रौपदा आली. नाकाला पदर.

"ये द्रौपदे," माय म्हणाली. "ही तुझ्या सासूची पेटी. तू पोटुशी व्हतीस त्या साली ठिवलीस. ध्यानात हाय ना?"

द्रौपदानं लांबूनच बघितलं. "आमची न्हाई ही मावशी. आमची निळी व्हती."

माय बाजेवरून वाकली. नखानं पेटीच्या कोपऱ्यावरचा गंज खरवडला. खालून निळा रंग निघाला. "ही बघ निळी."

"निळ्या पेट्या लई जनांकडं हायेत की."

मी पेटीचं झाकण उचललं. झुरळं चारी बाजूंनी पळाली. लुगड्यांचा नुसता चिखल झाला होता, आणि त्या चिखलात एक स्टीलचा डबा. डब्यावर नाव होतं. द्रौपदा झटकन पुढं आली, डबा उचलला, पदराच्या टोकानं पुसला. "ह्यो डबा तेवढा आमचा हाय."

"डबा तुझा," चाची म्हणाली, "आन् पेटी कुणाची गं?"

"डबा कुणीतरी दुसऱ्याच्या पेटीत घातला आसंल चाची. गडबडीत व्हतंय." आणि डबा काखेत मारून ती गेली. चहा न घेता.

मग तेच चालू झालं. लोक यायचे, लांबून बघायचे, आणि त्यांची वस्तू त्यांची नसायची. "टीव्ही कुठंय?" असं मात्र बरेच विचारायचे. ज्यांनी कधी टीव्ही ठेवला नव्हता तेसुद्धा. दोन पोरं मोटरसायकलवर टेकून मजा बघत होती.

"काय बे गन्या, तुझाच पाळणा ना ह्यो? ह्याच्यात तर वाढलास तू."

"माझा न्हाई बे. माझ्या बापाला इचार."

"बाप कुठाय तुझा?"

"त्यो बी न्हाईच म्हनंल."

सगळे हसले. मलाही क्षणभर हसू आलं. एक म्हातारी मात्र आली. तिनं आपलं गठुडं सोडून बघितलंही नाही, तसंच डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. ती एकटीच. बाकी कुणी पाट उचलला, कुणी पितळ उचललं, आणि जे सडलेलं होतं त्याला कुणीच वाली नव्हता. ज्या शिलाई मशीनपायी मी शाळा सोडून बसले होते, तिची मालकीण आली आणि म्हणाली, "अगं बाई, ही आजून हाय व्हय? मी तर कवाच नवी घेतली." एवढं म्हणून तिनं मशीनच्या चाकाला बोट लावलं, गंज बघितला, बोट माझ्याच दाराच्या चौकटीला पुसलं.

घाणीची किळस अंघोळीनं जाते. चौकटीला पुसलेल्या त्या बोटाची अजून गेली नाही. पितळ उचलताना ज्यांना वास येत नव्हता त्यांनाच पेटी उचलताना वास येत होता. नाकं तीच होती. मी मेसमध्ये रोज उष्टी ताटं बघते, तुंबलेली मोरी साफ करते, तिथं मला असं होत नाही.

माय एकेकाचं नाव घेत होती. "हे तुझं, बाबू. हे तुझ्या जावंचं, रुक्मिने." आधी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. मग तो शेजारच्या दारापर्यंत आला. मग नुसते ओठ हलायला लागले. तिनं हळूच पदराचं टोक ओढलं आणि पट्टी बांधलेला पाय त्याखाली झाकून घेतला. सकाळपासून तो पाय उघडा होता, सगळ्यांनी बघितला होता. तिला तो आता लपवायचा होता.

"जैतून," ती म्हणाली, "मला आत घे."

आत आणल्यावर ती बराच वेळ रिकाम्या खोलीकडं बघत राहिली. इतकी मोठी खोली तिनं कधी बघितलीच नसेल.

"सुने, तुझी गाडी कवाची हाय?"

"माय, आणि बाहेरचं?"

"कुणाचंच न्हाई म्हणतेत ना. मंग माझं बी न्हाई."

एवढंच. मी तिच्या पायाची पट्टी सोडली. त्या दिवशी पहिल्यांदा मीच सोडली. बोट काळं पडलं होतं. मी तोंडानं श्वास घेत ती बांधली, आणि वाकडी बांधली. चाचीनं पुन्हा सोडून नीट बांधली.

वस्तीबाहेरच्या पडीक रानात आम्ही तो ढीग पेटवला. रेक्झीन, केस, कापूस, फोटो. धूर काळा आणि तेलकट, अंगाला चिकटणारा. दोन दिवसांनी रानाकडं गेले तर पेट्यांचे सांगाडे राखेत नव्हते. रात्रीतून लोखंड कुणीतरी नेलं होतं. तेव्हा कुणाला 'आमची न्हाई' म्हणायची गरज पडली नाही.

मायची स्वतःची म्हणून निघाली फक्त गोधडी, तवा, आणि देव. गोधडी धुवायला मी सिंदफणेवर घेऊन गेले, चाची सोबत आली. अमावस्या होती, दुसऱ्या दिवशी घट बसणार होते, बाया उरलंसुरलं धूत होत्या. आम्ही बसलो तशा दोघीतिघी जरा वरच्या अंगाला सरकल्या. आमचं पाणी त्यांच्याकडं येऊ नये म्हणून. चाचीनं ते बघितलं आणि गोधडी जास्तच जोरात आपटली.

मी तिला विचारलं, "चाची, तुला किळस येत नाही का?"

"येती की."

"दिसत नाही."

तिनं गोधडी पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "माझ्या सासूची लई येयची. शेवटी शेवटी तिचं अंथरूण मी काठीनं उचलायची. तिच्या हातचं जन्मभर खाल्लं मी, आन् काठीनं उचलायची. तिला दिसायचं ते." तिनं गोधडीला आणखी एक पीळ दिला. "तुझी माय माझी कोन हाय? नळावर भांडणारी बाई. म्हणून हात चालतेत. परक्याच्या घाणीची नुसती घाण येती बेटा. आपल्याच्या घाणीचा राग येतो. रागात हात चालत न्हाईत."

मी पुष्कळदा ह्यावर विचार केला आहे. पोळ्या लाटताना, गच्चीवर, बसमध्ये. मायच्या बोटाकडं बघताना मला जे होत होतं त्यात राग होताच. माझी शाळा, तिचा हट्ट, तिचा नकार न देणारा स्वभाव, सगळं त्या पिवळ्या पट्टीत दिसत होतं. चाचीला त्यात फक्त जखम दिसत होती, आणि जखम धुवायची असते.

माय आता वापीत आहे. बोट काढावं लागलं, पाय वाचला. चालते, काठी घेऊन गच्चीपर्यंत येते. मी रोज संध्याकाळी तिच्या पायाखाली आरसा धरून तळवा तपासते. रोज भीती वाटते आणि, लिहायला लाज वाटते तरी लिहिते, रोज थोडं मळमळतं. ते काही गेलं नाही. मागच्या दिवाळीत नीताबेन गावाला जाताना त्यांची एक पिशवी मायजवळ ठेवायला आल्या. माय हात पुढं करून म्हणाली, "ठिवा की, राहील माझ्यापाशी." मी धावत गेले आणि ती पिशवी त्यांच्या हातात परत दिली. नीताबेन अजून माझ्यावर थोड्या नाराज आहेत. माय तर आठवडाभर बोलली नाही.

परवा चाचीशी फोनवर बोलले. तिला आता दम लागतो. इतकी वर्षं कापसात गेली, तो छातीत बसलाय. लेक रजिया बीडला असते, ती न्यायला आली होती. तर चाचीच्या घरात काय, लोकांनी भरायला टाकलेल्या आणि न्यायला न आलेल्या गाद्या. पोत्यांवर पोती. "रजियानं दारातूनच नाक धरलं," चाची हसत सांगत होती, हसताना खोकत होती. "म्हणली, अम्मी, एवढं सगळं कोन काढणार? मी म्हणलं, तू न्हाई काढू शकत बेटा. तू माझी हाईस ना."

मग ती दुसरंच काहीतरी बोलायला लागली. पावसाचं, नळाचं. मी इकडं फोनवर हूं हूं करत होते.

चाची, तुला लिहिता-वाचता येत नाही, पण रजिया हे वाचून दाखवेल. तुझं घर उपसायला मी येणार. रजा मिळाली तर रजा घेऊन, नाही मिळाली तर काम सोडून. रजियाला सांग, तिनं आत यायची गरज नाही, तिनं फक्त तुला रिक्षात बसवावं. एकच अडचण आहे, आणि ती तुला आत्ताच सांगून ठेवलेली बरी. तू म्हणालीस की परक्याच्या घाणीत हात चालतात. तू आता मला परकी राहिली नाहीस. म्हणजे मला किळस येणार, तुझ्यावर रागही येणार, आणि तुझ्या दारातल्या नालीवर मी ओकणार हे नक्की. तेवढं उरकून मी आत येईन, आणि शेवटचं पोतं बाहेर निघेपर्यंत परत जाणार नाही.